साक्ष आणि साचा : तळटिपेच्या नीतीचा प्रश्न

१

तळटीप आणि संदर्भसूची यांचा विचार मराठीत बहुधा संशोधनपद्धतीच्या पुस्तकातील शेवटच्या प्रकरणात येतो. स्वल्पविराम कोठे द्यावा, ग्रंथनाम तिरप्या अक्षरांत असावे की अवतरणचिन्हांत, आडनाव आधी की नाव आधी, असे प्रश्न तेथे सोडविलेले असतात आणि प्रबंध सादर करण्याच्या आदल्या आठवड्यात विद्यार्थी त्या प्रकरणाकडे वळतो. तळटीप ही लेखनाची शिस्त आहे, विचाराचा भाग नाही, अशी समजूत या व्यवहारामागे असते. संगणकीय अक्षरजुळणीने ही समजूत अधिकच दृढ केली आहे. जे काम पूर्वी चार दिवस खात असे ते आता यंत्रणा काही क्षणांत उरकते. आणि जे क्षणात उरकते त्यात विचार करण्यासारखे काही असेल असे सहसा कोणाला वाटत नाही.

या समजुतीची तपासणी करणे आवश्यक आहे. तळटिपेला एक बाह्य रूप असते आणि त्या रूपातून केलेले एक विधान असते. अमुक लेखकाच्या अमुक ग्रंथाच्या अमुक आवृत्तीत, अमुक पृष्ठावर, अमुक मजकूर आहे, एवढेच ते विधान नसते. ‘तो मजकूर हे लिहिणाऱ्याने तेथे पाहिला आहे’ हा त्या विधानाचा अनुच्चारित उत्तरार्ध असतो. वाचक टिपेवर विसंबतो तो या उत्तरार्धाच्या बळावर. म्हणजे तळटीप ही स्वरूपतः साक्ष आहे. साक्षीला साचा लागतो, कारण साच्याशिवाय ती तपासता येत नाही. परंतु साचा बिनचूक असल्याने साक्ष खरी ठरत नाही.

भारतीय प्रमाणविचारात या प्रश्नासाठी एक नेमकी संकल्पना उपलब्ध आहे. न्यायदर्शन शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानते, पण सरसकट कोणाच्याही शब्दाला नव्हे, आप्ताच्या शब्दाला. आप्त कोण, याचे वात्स्यायनाने केलेले विवरण पाहिले तर त्यात मुख्यतः दोन अटी आढळतात. सांगणाऱ्याला त्या विषयाचे साक्षात ज्ञान असले पाहिजे, आणि जसे पाहिले तसेच सांगण्याची त्याची इच्छा असली पाहिजे. आप्त होण्यासाठी ऋषीच असावे लागते असेही तेथे नाही. तळटीप लिहिणारा अभ्यासक वाचकापुढे या अर्थाने आप्त म्हणून उभा असतो. त्याने पाहिलेले असावे आणि पाहिले तेवढेच सांगावे, या दोन अपेक्षांत संदर्भनिर्देशाची सारी नीती सामावते. अक्षरजुळणीची यंत्रणा यांपैकी कोणतीही अट पुरी करू शकत नाही. तिने ती करावी अशी अपेक्षाही नाही. प्रश्न असा आहे की, रूपाचा सगळा भार यंत्रणेने उचलल्यानंतर साक्षीचा भार कोणाकडे राहतो, आणि तो तेथे राहिला आहे हे वाचकाला कशावरून कळते?

२

यंत्रणेचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. डॉनल्ड क्नूथ यांना १९७७ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून असमाधान वाटले आणि त्यातून त्यांनी ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली रचण्यास घेतली. तिच्यावर आधारलेली लेस्ली लॅम्पोर्ट यांची ‘लाटेक’ ही प्रणाली १९८०नंतरच्या दशकात आली आणि १९८५ साली संदर्भांसाठी ‘बिबटेक’ ही जोडयंत्रणा तयार झाली. देवनागरीसाठी फ्रान्स वेल्थाउस यांनी १९९१ साली टेकमध्ये सोय केली; पुढे २००४मध्ये आलेल्या ‘झीटेक’ने युनिकोडमधील देवनागरी मजकूर थेट जुळविणे शक्य केले, आणि २००६पासून ‘बिबलाटेक’ने संदर्भांच्या मांडणीत अधिक लवचिकता आणली. आज ‘आलोक’ या मराठी नियतकालिकाच्या जुळणीसाठी लाटेकचा स्वतंत्र आराखडा उपलब्ध आहे. तेव्हा हा विषय केवळ गणितज्ञांचा किंवा इंग्रजीतून लिहिणाऱ्यांचा राहिलेला नाही.

या सगळ्या प्रणालींच्या मुळाशी आशय आणि मांडणी यांची फारकत करण्याचे एक तत्त्व आहे. लेखक प्रत्येक ग्रंथाची माहिती एका वेगळ्या नोंदसंचात रकान्यांच्या रूपाने भरतो: कर्ता, ग्रंथनाम, प्रकाशक, स्थळ, वर्ष. प्रत्येक नोंदीला एक संकेतनाम देतो. मजकुरात जेथे संदर्भ द्यायचा तेथे फक्त ते संकेतनाम लिहितो. तळटीप कशी दिसावी, सूची कोणत्या क्रमाने लागावी, हे शैलीचे स्वतंत्र नियम ठरवितात. एका विद्यापीठाची शैली काढून दुसऱ्या नियतकालिकाची शैली लावायची तर एक ओळ बदलावी लागते.

या व्यवस्थेचे लाभ नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. खिळे जुळविण्याच्या काळात पानाच्या तळाशी एक ओळ वाढली की वरची एक ओळ पुढच्या पानावर ढकलावी लागे, तिच्याबरोबर तिची टीप जाई, आणि पुढची पाने पुन्हा लावावी लागत. जुळाऱ्याचे हे श्रम आणि त्यांचे मोल वाचविण्याचा एक मार्ग म्हणजे टिपा लेखाच्या शेवटी एकत्र देणे. तसे केल्याने वाचक आणि पुरावा यांच्यात पाने उलटण्याचे अंतर पडे. दुसरे उदाहरण ‘तत्रैव’चे. हस्तलिखितात एखादा परिच्छेद वर-खाली झाला, मधे नवी टीप शिरली, की ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागे. लेखकाची निष्ठा निर्दोष असूनही साक्ष खोटी पडे. यंत्रणा प्रत्येक जुळणीच्या वेळी आधीची टीप कोणती हे तपासते आणि त्यानुसार ‘तत्रैव’ घालते किंवा पूर्ण निर्देश करते. येथे यंत्र माणसापेक्षा अधिक विश्वासू आहे, हे मान्य करावे लागते.

परंतु याच व्यवस्थेची दुसरी बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. जुन्या प्रबंधांच्या सूचीत एका नोंदीत प्रकाशकाचे नाव असे, दुसरीत नसे. एके ठिकाणी आवृत्ती दिलेली, दुसरीकडे नुसते ग्रंथनाम. ही विसंगती दोषच होती. तथापि तो दोष बोलका होता. कोणते पुस्तक लेखकाच्या हाताखालून गेले आणि कोणते नुसते कानांवरून गेले, याचा अंदाज जाणत्या वाचकाला त्या ओबडधोबडपणावरून बांधता येई. आता शैलीचे नियम सर्व नोंदींना सारखेच झळाळते रूप देतात. बिबटेकच्या प्रचलित शैलींत प्रकाशकाचा रकाना रिकामा असेल तर यंत्रणा तसा इशारा देते खरी, पण तो जुळणीच्या नोंदवहीत, म्हणजे लेखकापुरता. छापील पानावर विरामचिन्हे अशी सफाईने जुळून येतात की तेथे काही उणे आहे हे वाचकाला जाणवूही नये. मजकुरातील एखाद्या संकेतनामाची नोंदच सापडली नाही तर लाटेक तेथे ठळक प्रश्नचिन्ह छापते. यंत्राची ही कबुली प्रामाणिक आहे. मात्र ती नोंद नसल्याची आहे. पुस्तक पाहिलेले नसल्याची कबुली यंत्र कोणाच्या वतीने देणार?

याच प्रणालीत एक आज्ञा अशी आहे की, ती दिल्याबरोबर नोंदसंचातील सर्वच ग्रंथ सूचीत उतरतात, मग मजकुरात त्यांचा एकदाही निर्देश झालेला नसो. ही सोय सूचिकारासाठी आहे आणि त्याच्या हाती ती योग्यच आहे. प्रबंधलेखकाच्या हाती ती गेली की पाच पानांची सूची वीस पानांची होते आणि व्यासंगाचा देखावा उभा राहतो. पूर्वी असा देखावा करायचा तर निदान शंभर नोंदी हाताने उतरवून काढाव्या लागत. त्या श्रमातच थोडी लाज शिल्लक राहत असे. अप्रामाणिकपणा यंत्राने निर्माण केलेला नाही. त्याने तो निःश्रम केला आहे.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. साक्षीचा नैतिक क्षण पूर्वी पानाच्या तळाशी होता. वाचकाच्या डोळ्यांदेखत होता. संगणकीय अक्षरजुळणीत तो नोंदीच्या रकान्यांत सरकला आहे, आणि नोंद वाचकाला दिसत नाही. म्हणून तळटिपेच्या नीतीचा विचार आता टिपेच्या रूपापासून नव्हे, नोंदीपासून सुरू झाला पाहिजे.

३

नोंद म्हणजे निव्वळ माहिती, असे वाटण्याचा संभव आहे. ‘कर्ता’ या एका रकान्याचा विचार केला तरी तसे नाही हे दिसून येईल. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर नाव होते विभावरी शिरूरकर. स्त्रीच्या मनाविषयी आणि देहाविषयी त्या काळी न बोलले जाणारे त्या कथांत बोलले गेले होते. पुस्तकावर मोठे वादळ उठले आणि ही लेखिका कोण याचा शोध सुरू झाला. पुढे कळले की या नावामागे बाळूताई खरे आहेत. १९३८ साली विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या आणि त्या नावानेही त्यांनी लेखन केले.

आता सूची करणाऱ्याने ‘कर्ता’ या रकान्यात काय लिहावे? ‘बेडेकर, मालती (१९३३)’ अशी नोंद अनेकांना शास्त्रशुद्ध वाटेल. टोपणनाव बाजूला सारून खऱ्या व्यक्तीचा निर्देश झाला, सर्व लेखन एका नावाखाली आले. पण १९३३ साली मालती बेडेकर या नावाची व्यक्तीच नव्हती. ही नोंद ज्या पुस्तकाची साक्ष देते ते पुस्तक कोणीही कधीही पाहिलेले नाही. ‘खरे, बाळूताई (१९३३)’ ही नोंद कालदृष्ट्या बरोबर असेल, परंतु जे नाव लेखिकेने त्या पुस्तकापासून हेतुपुरस्सर दूर ठेवले तेच ती मुखपृष्ठावर चिकटविते. टोपणनाव तेथे हौस म्हणून आलेले नव्हते. ज्या समाजात ते पुस्तक अन्य कोणत्याही नावाने निर्वेधपणे येऊ शकले नसते त्या समाजाविषयीचे ते एक विधान होते. त्या अर्थाने तो संहितेचाच भाग आहे. ‘शिरूरकर, विभावरी’ असे लिहावे, तर पुस्तकाशी प्रामाणिकपणा राहतो, मात्र या लेखिकेचे दुसऱ्या नावाने झालेले लेखन सूचीत दूर जाऊन पडते आणि दोन्ही मिळून एक लेखकत्व आहे हे दिसेनासे होते.

तिन्ही पर्यायांत काही तरी गमवावे लागते. नैतिक निवडीचे हेच लक्षण आहे. यंत्रणा ही निवड करीत नाही. ती फार तर रकाना रिकामा असल्याचा इशारा देते. येथे यंत्रणेवर ठपका ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. बिबलाटेकच्या नोंदीत कर्त्याच्या नावाला टोपणनाव किंवा मूळ नाव जोडण्यासाठी वेगळा रकाना ठेवलेला आहे. पुस्तकावरचे नाव मुख्य मानून कंसात व्यक्तीचा निर्देश करणे, आणि दुसऱ्या नावाखाली परस्परनिर्देश देणे, हे सहज शक्य आहे. तसे होत नाही त्याचे कारण नोंद भरणाऱ्याला तेथे निवड करायची आहे याचीच जाणीव नसते. तयार नोंद कोठून तरी उतरवून घेतली जाते, आणि दुसऱ्या कोणी केलेली निवड आपल्या साक्षीत मिसळते.

मराठीत हा प्रश्न अपवादात्मक नाही. संतकवींना आडनाव नाही. आडनाव मागणाऱ्या रकान्यात ज्ञानेश्वर आणि नामदेव बसविताना त्यांच्यावर आधुनिक नागरिकाचे रूप लादले जाते. विवाहाने नाव बदललेल्या लेखिका, दोन नावांनी लिहिणारे लेखक, आद्याक्षरांनीच ओळखले जाणारे संपादक यांना ‘आडनाव, नाव’ हा साचा कोठे ना कोठे काचतोच. साचा ज्या भाषाव्यवहारात घडला तेथील नामव्यवस्था त्यात गृहीत धरलेली आहे. तो तटस्थ भासतो, एवढेच.

४

कर्त्याच्या नावाविषयी जे खरे आहे ते स्थळाविषयीही खरे आहे. ‘शिरूरकर’ हे नाव वाचणाऱ्याला एक गाव सुचविते. पण शिरूर कोणते? पुणे जिल्ह्यातील शिरूर, जे घोडनदी या नावानेही ओळखले जाते. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ. स्थळाच्या रकान्यात नुसते ‘शिरूर’ असे लिहिले की यंत्रणा समाधानी होते, आणि जुन्या मजकुरात ‘घोडनदी’ असेल तर ते वेगळेच गाव समजते. त्याच शिरूर तालुक्यात, चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर न्हावरे आहे. लेखनात न्हावरे, बोलण्यात न्हावराही. शिरूरजवळच्या फाट्याला लोक न्हावरा फाटाच म्हणतात. एखाद्या कागदात गावाचे नाव ज्या रूपात आले ते रूप नोंदवावे की आजचे प्रमाणरूप? कागदाशी इमान राखायचे तर पहिले, शोधणाऱ्या वाचकाची सोय पाहायची तर दुसरे. दोन्ही द्यावीत हे उत्तर सोपे आहे. पण ते देण्यासाठी कागद पाहिलेला असावा लागतो.

कागद पाहिलेला असणे याचा अर्थ पेशवे दफ्तराच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होतो. पुण्यातील या दफ्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. त्यांतील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत संपादून प्रसिद्ध केले. न्हावऱ्यासारख्या एखाद्या गावासंबंधीचा कागद अभ्यासकाने अशा छापील खंडात वाचला असेल तर त्याची साक्ष त्या खंडापुरती आहे. त्याने टिपेत खंडाचा निर्देश वगळून मूळ दफ्तराचा निर्देश केला, तर वाक्य व्याकरणदृष्ट्या आणि शैलीदृष्ट्या निर्दोष असेल, उल्लेखिलेला कागदही अस्तित्वात असेल, आणि तरीही साक्ष खोटी असेल. कारण वाचनातील आणि निवडीतील संपादकाचा हात त्याने पुसून टाकलेला असतो. त्याउलट, तिसऱ्याच एखाद्या पुस्तकातून अवतरण घेतले आणि ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे प्रांजळपणे म्हटले, तर ती साक्ष दुय्यम असली तरी खरी आहे. प्रमाणविचाराच्या भाषेत, येथे पहिल्या अटीचा नव्हे तर दुसऱ्या अटीचा भंग होतो: जसे पाहिले तसे सांगण्याची इच्छा लोपते.

काळाच्या रकान्याची कथाही वेगळी नाही. जुन्या मराठी पुस्तकावर ‘शके १८५५’ असे असेल तर ते वर्ष १९३३च्या चैत्रात सुरू होऊन १९३४च्या फाल्गुनात संपते. त्यापुढे ‘१९३३’ एवढेच लिहिणारा एका अनिश्चित गोष्टीला निश्चित करतो. क्रमांकांचेही तसेच. तुकोबांच्या गाथेतील अभंगांचे क्रमांक शंकर पांडुरंग पंडित यांच्या आवृत्तीत एक आणि १९५० साली निघालेल्या शासकीय आवृत्तीत दुसरे असू शकतात. आवृत्ती न सांगता दिलेला अभंगक्रमांक कितीही अचूक भासला तरी तो वाचकाला कोठेही पोहोचवीत नाही. वर्णानुक्रमासारख्या केवळ यांत्रिक वाटणाऱ्या गोष्टीतही निवड दडलेली असते. युनिकोडच्या संकेतक्रमात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच नंतर, ‘व’च्या आधी येते, मराठी वर्णमालेत ते ‘ह’च्या पुढे आहे. नुसत्या संकेतक्रमाने सूची लावली तर ‘काळे’ हे नाव ‘कावळे’ आणि ‘काशीकर’ यांच्या आधी जाऊन बसते. मराठीचा क्रम यंत्रणेला सांगता येतो. पण तो सांगावा लागतो, आणि सांगण्यासाठी तो कोणाला तरी आठवावा लागतो.

ही सारी चर्चा कोणाच्या हितासाठी, हे येथे विचारले पाहिजे. पुण्यातील मोठ्या ग्रंथालयांच्या सावलीत बसणाऱ्या वाचकाला चुकीची टीप फारशी नडत नाही. तो उठून दुसरे कपाट उघडतो. न्हावऱ्यासारख्या गावातून एस.टी.ने पुण्याला येऊन एका दिवसात काम आटोपू पाहणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र टीप हाच ग्रंथालयापर्यंतचा रस्ता असतो. त्याने चिठ्ठीवर लिहून आणलेली आवृत्ती अस्तित्वात नसेल, पृष्ठांक दुसऱ्याच पुस्तकातून उचललेला असेल, तर त्याचा दिवस आणि भाडे दोन्ही जातात. त्याहून वाईट म्हणजे चूक आपलीच असावी असे त्याला वाटते. संदर्भनिर्देशाचे ऋण पूर्वसूरींचे फेडायचे असते, असे परंपरेने म्हटले जाते आणि ते खरेही आहे. पण टिपेचे एक ऋण पुढे येणाऱ्याचेही असते, आणि पूर्वसूरींपेक्षा तो अधिक असहाय असतो.

५

साक्षीचे बळ कमी-अधिक असू शकते, आणि ते तसे सांगण्याची चिन्हे मुद्रणाने पूर्वीच घडविली आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनतत्त्वांनी घडलेल्या या आवृत्तीत प्रत्येक पानाच्या तळाशी हस्तलिखितांतील पाठभेद दिलेले आहेत. त्याखेरीज वर, मूळ संहितेतही, जो पाठ संपादकाला पुरेसा निश्चित वाटला नाही त्याखाली नागमोडी रेषा छापलेली आहे. संपादकाचा संशय ही वाचकाची मालमत्ता आहे, ती त्याच्यापासून लपवू नये, हे तत्त्व त्या रेषेत आहे. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात, १९३० ते १९६२ या काळात निघालेल्या त्या पाच खंडांत, हेच तत्त्व निराळ्या रूपाने दिसते. मुख्य मजकुरातील विधानांचा आधार असलेली मूळ संस्कृत वचने टिपांत उतरवून दिलेली आहेत. अर्थ पटला नाही तर वाचकाने तेथल्या तेथे भांडावे. दोन्ही ठिकाणी पानाचा तळ हा विद्वत्तेच्या प्रदर्शनाची जागा न राहता वाचकाला दिलेल्या अधिकाराची जागा झाला आहे.

सूचीच्या नोंदीला अशी नागमोडी रेषा नसते, हीच तिची उणीव आहे असे म्हणता येईल. पण ही उणीवही यंत्रणेची नाही. बिबलाटेकच्या नोंदीत वर्षापुढे प्रश्नचिन्ह लिहून ते अनिश्चित असल्याचे नोंदविता येते, दोन वर्षांचा पल्ला देता येतो, टीप म्हणून ‘प्रत पाहिलेली नाही’ असे लिहिता येते. जुळाऱ्याला समजावून सांगताना जे नाकी नऊ आणी ते आज एका चिन्हाचे काम आहे. चिन्ह आहे, त्याचा वापर नाही. अभ्यासकाला सूचीत संशय दाखविण्याचे भय वाटते; कारण एकरूपता हीच व्यासंगाची खूण आहे असे त्याला शिकविण्यात आले आहे, आणि परीक्षकही सूचीत विरामचिन्हे तपासतो, पुस्तके तपासत नाही.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हे सारे नोंदीच्या तपशिलाला नसते महत्त्व देणे आहे. विचाराचे मूल्य विचारात असते, टिपेत नाही. चिंतनपर निबंधाच्या बाबतीत हे मान्य करता येईल. परंतु जेथे लेखक पुराव्याच्या आधारे बोलतो तेथे पुरावा तपासण्याची वाट बंद केल्यावर उरते ते अधिकारवाणीने केलेले विधान. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: प्रत्येक नोंदीमागे प्रत्यक्ष दर्शनाची अट घातली तर दूरच्या, साधनहीन अभ्यासकाला लिहिणेच अशक्य होईल, म्हणजे ज्याच्या हितासाठी हा आग्रह धरायचा त्याच्यावरच तो भार होईल. याचे उत्तर असे की, ही नीती सर्व काही पाहण्याची सक्ती करीत नाही. न पाहिलेले पाहिले म्हणून सांगू नये, एवढेच ती मागते. ‘उद्धृत’ हा शब्द साधनहीन अभ्यासकाचा अपमान नाही. तो त्याच्या साक्षीचे रक्षण करतो. किंबहुना संशयाचे चिन्ह प्रतिष्ठित झाले तर त्याचा सर्वाधिक लाभ त्यालाच आहे.

या प्रश्नाची निकड अलीकडच्या काळात वाढली आहे. २०२३ साली न्यूयॉर्कमधील एका संघीय न्यायालयात वकिलांनी सादर केलेल्या लेखी युक्तिवादात अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचे संदर्भ आढळले. ते संभाषक यंत्रणेने रचून दिलेले होते आणि रूपाने निर्दोष होते: पक्षकारांची नावे, न्यायालय, वर्ष, सारे यथास्थित. न्यायालयाने पाच हजार डॉलरांचा दंड केला, तो वकिलांना. यंत्रणेला दंड करण्याचा प्रश्न उद्भवला नाही. या घटनेकडे केवळ नव्या तंत्राचा गैरवापर म्हणून पाहणे अपुरे आहे. साचा आणि साक्ष यांची जी फारकत नोंदसंचाने सोयीसाठी सुरू केली तिचे हे टोक आहे: येथे साचा संपूर्ण आहे आणि साक्ष शून्य. अशा काळात सुबक सूची हा प्रामाणिकपणाचा पुरावा मानण्याचे दिवस संपले, असे समजून चालणे इष्ट.

मग वाचकाने विश्वास कशावर ठेवायचा? रूपावरून साक्ष ओळखू येत नसेल तर ती लेखकाच्या आचरणातून ओळखू आली पाहिजे: पाहिलेल्या आवृत्तीचा स्पष्ट निर्देश, दुय्यम आधाराची कबुली, पुस्तकावरील नावाशी राखलेले इमान, अनिश्चित वर्षापुढचे प्रश्नचिन्ह, आणि मजकुरात न आलेल्या ग्रंथांचा सूचीतून संकोच न बाळगता केलेला त्याग. यांपैकी एकही गोष्ट आपोआप होत नाही, आणि एकाही गोष्टीला आजची अक्षरजुळणी आडकाठी करीत नाही. प्रबंधाची नियमावली घडविणाऱ्या विद्यापीठांनी आणि नियतकालिकांच्या संपादकांनी स्वल्पविरामाच्या जागेइतकाच या गोष्टींचा आग्रह धरला, तर सूची थोडी ओबडधोबड दिसेल. काही नोंदींत प्रश्नचिन्हे उभी राहतील, काहींपुढे ‘प्रत उपलब्ध झाली नाही’ असे छापून येईल. त्या सूचीवरून ग्रंथालयात जाणाऱ्या वाचकाला निदान कोणत्या वाटेने जाता येते आणि कोणती वाट अजून कोणी चाललेली नाही, एवढे तरी खरेखुरे कळेल.